बीअरच्या गाळाचा पाव

आमच्या गावात पाव ही आजारी माणसाची वस्तू होती. कुणाला टायफॉइड झाला, कुणाच्या पोटात काही ठरेना, की गंगापूरच्या बाजारातून वर्तमानपत्रात बांधलेला पाव यायचा आणि तो दुधात बुडवून त्या माणसाला भरवला जायचा. धडधाकट माणसानं पावाला हात लावला तर आई विचारायची, "काय दुखतंय?" त्यामुळं बी.एस्सी. झाल्यावर पाव करायला शिकवणाऱ्या एका वर्गात मला नोकरी लागली, हे मी घरी सांगितलं तेव्हा आईनं आधी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "दवाखान्यात का?"

वर्ग दवाखान्यात नव्हता. त्या वेळचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथं औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एक जुनं गोदाम होतं. बायकांच्या एका संस्थेनं ते भाड्यानं घेतलं होतं आणि मागच्या अंगाला लाकडावरची भट्टी बांधली होती. तालुक्याच्या गावांतल्या गरजू बायकांनी पाव शिकावा, गावी जाऊन छोटी भट्टी टाकावी, असा संस्थेचा विचार. गावात बर्फात ठेवलेलं तयार यीस्ट कुठून मिळणार? म्हणून आमच्या वर्गाची खासियत अशी, की पाव घरच्या खमीरावर करायचा. अठरा बायका होत्या. फळ्यावर लिहून मी शिकवायची: यीस्ट म्हणजे काय, ते पिठातली साखर खातं, वायू सोडतं, म्हणून पाव फुगतो. हातानं शिकवायचे ते उस्ताद.

माझ्या आधी आमच्या घरात कुणी मॅट्रिकच्याही पुढं गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींनी कॉलेजचा अर्ज स्वतः भरला, वडिलांनी सही केली, आणि मी शिकले. हे ऋण मी रोज सकाळी मोजत असे, आणि म्हणून नोकरीत काही चुकू नये याची मला फार धास्ती होती. नेमणूक सहा महिन्यांची, कच्ची. पसंत पडले तर पक्की, नाहीतर घरी. घरी एक स्थळ सांगून आलेलंच होतं.

उस्ताद सत्तरीचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीपासून ते छावणीतल्या एका बेकरीत कामाला होते. पाव करायला लागणारं खमीर ते हॉप्सच्या पाण्यावर करायचे. हॉप्स म्हणजे बीअरमध्ये घालतात ती फुलं. वर्षातून एकदा मुंबईहून त्यांच्या ओळखीचा व्यापारी सुक्या फुलांची पिशवी पाठवायचा. कागदासारखी हलकी, पिवळट हिरवी फुलं. वासाला गवत आणि कडुनिंब यांच्या मधली. ती उकळायची, त्या कडू पाण्यात उकडलेला बटाटा कुस्करायचा, मूठभर मैदा, जरासा गूळ. ते कोमट झालं की बरणीत ओतायचं. हॉप्सच्या कडूपणानं खमीर नासत नाही, आंबूस होत नाही. दुसऱ्या दिवशी बरणीत फेस येतो.

ती बरणी चिनी मातीची, लोणच्याच्या बरणीच्या दुप्पट उंच, तोंड अरुंद. उबेसाठी बाहेरून गोणपाट शिवलेलं. ॲक्शनच्या दिवसांत उस्तादांना दोन महिने घर सोडून नातेवाइकांकडं राहावं लागलं. तेव्हा घरातून निघताना बायकोच्या कडेवर मुलगी होती आणि यांच्या काखेत ही बरणी. ते हे एकदाच बोलले, तेही बटाटे सोलताना, मान वर न करता. पुढं काही विचारायचं धाडस मला झालं नाही.

बरणीचं काम ते कुणाला करू द्यायचे नाहीत. पहाटे सहाला येऊन स्वतः भरायचे. आम्ही नऊला यायचो. त्यामुळं ती कशी भरतात हे वर्गात कुणीच पाहिलं नव्हतं, मीसुद्धा.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात संस्थेच्या सचिव बाईंनी सांगितलं, की येत्या शुक्रवारी अकरा वाजता पुण्याहून दोन अधिकारी येणार. वर्ग बघतील, पाव खाऊन बघतील, मग मान्यता द्यायची की नाही ते ठरवतील. "गोदाम आरशासारखं करून ठेवा," असं त्या म्हणाल्या. शनिवारी दुपारी उस्ताद गेल्यावर मी थांबले. माझ्याबरोबर वर्गातली एक मावशी थांबली. ही मावशी पैठणकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, विधवा, वर्गात वयानं सगळ्यांत मोठी आणि जिभेनं सगळ्यांत तिखट. आम्ही जाळी काढली, साचे घासले, फरशीवर सोडा टाकला. मग कोपऱ्यातली बरणी मी उचलून पाहिली. रिकामी. आठवड्याचं सगळं खमीर उस्तादांनी शनिवारच्या कणकेत ओतलेलं होतं. आत मात्र सगळ्या अंगाला करडा, चिकट थर, काठाशी वाळलेला, वास आंबट.

आमच्या घरात खरकटं भांडं रात्रभर ठेवत नाहीत. लक्ष्मी निघून जाते म्हणतात. आणि लोणच्याची बरणी तर राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं विसळून, उन्हात पालथी घातल्याशिवाय पुन्हा भरायची नाही, हे मला अक्षर-ओळख व्हायच्या आधीपासून माहीत. मला उस्तादांची दयाही आली. म्हातारा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू, अरुंद तोंडात हात जात नसेल. माझा हात बारीक होता. मी काथ्या घेतला, राख घेतली, आतला सगळा थर खरवडून काढला. मावशीनं उकळतं पाणी ओतलं.

"आरशावानी झाली बघा बाई," ती म्हणाली. "म्हातारा खूश होईल."

बरणी उन्हात वाळवून मी होती तिथं, होती तशी ठेवून दिली. बाहेरच्या गोणपाटाला मी हातही लावला नव्हता.

सोमवारी उस्तादांनी हॉप्स उकळले, बरणी भरली. कोपऱ्यात उजेड नसायचा. वास येत नाही असं ते म्हणाले खरे, पण तपकिरीनं नाक गेलंय म्हणून स्वतःच हसले. मंगळवारी आम्ही आलो तेव्हा ते बरणीच्या तोंडाला कान लावून बसले होते. खमीर चांगलं जिवंत असलं की आतून बारीक चुरचुर ऐकू येते. ते रोज ती ऐकायचे.

"आज चूप है," ते म्हणाले.

दुपारीही चूप. झाकण काढून पाहिलं, तर वर पाणी, खाली पिठाचा चिखल. फेसाचा एक बुडबुडा नाही. बायका भोवती जमल्या. तेव्हा उस्तादांनी पहिल्यांदाच उघड करून सांगितलं, "देखो, इसकू बीज लगता. सगळं ओतून घेतलं तरी बरणीच्या अंगाला जे चिकटून राहतं ना, वोच बीज. चाळीस बरस का बीज है. पानीच गरम पड गया होगा मेरे हाथ से. बीज जल गया."

माझ्या हातात खडू होता. फळ्यावर मी त्याच सकाळी लिहिलं होतं: यीस्ट हा सजीव आहे. दुसऱ्या रांगेतून मावशी माझ्याकडं बघत होती, आणि तिनं नजर काढली नाही.

उस्ताद पाण्याची ऊब मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब घेऊन पाहायचे. थर्मामीटर मी आणून दिला होता, तो त्यांनी खिळ्याला टांगून ठेवला होता. त्या दुपारी त्यांनी तो काढला, डोळ्याजवळ धरला, आणि पुन्हा टांगला. मग सचिव बाईंना बोलावून ते माझ्यासमोर म्हणाले, "बाई, शुक्रवार का मैं देख लेता. उसके बाद किल्ली तुमच्याकडं. जिसके हाथ में खमीर मर गया, उसने सिखाना नै."

बाई म्हणाल्या, "अहो उस्ताद, असं काय एवढ्या तेवढ्यावरून..."

"एवढ्या तेवढ्यावरून नै, बाई."

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर दोन वाक्यांत संपलं असतं. पण बाई समोर होत्या आणि माझी नेमणूक कच्ची होती. उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या सांगायचं म्हणजे आदल्या दिवशी गप्प का बसलीस तेही सांगावं लागतं, हे मला त्या वेळी कळलं नाही.

नवं बीज धरायचं तर पंधरा दिवस लागतात, म्हणून यीस्ट कुठून तरी मिळवणं एवढाच आता उपाय. त्या आठवड्यात ट्रकवाल्यांचा संप होता. मुंबईहून बर्फातलं यीस्ट आलं नव्हतं. शहरातल्या बेकऱ्या नुसती खारी आणि नानखटाई करत होत्या. औरंगपुऱ्यातल्या दुकानात सुक्या यीस्टचा एक डबा मिळाला, पण तो कोमट पाण्यात टाकला तर वाळूसारखा तळाशी बसला. बुधवारी सकाळी उस्ताद आपल्या दोस्ताच्या तंदूरवरून नानचं खमीर घेऊन आले. नान त्यानं फुलतो, कारण तो चपटा असतो. साच्यातला पाव त्यानं उठेना. भट्टीतून निघाला तो आंबट आणि जड.

मावशीनं तो हातात तोलला. "गावाकडं भिंत पडलीय माझी. असे शंभर द्या."

बायका हसल्या. उस्ताद हसले नाहीत. पाव त्यांनी तिच्या हातातून घेतला, मधोमध मोडला, आणि बराच वेळ आतला गच्च भाग बघत बसले. मग आठवून आठवून सांगायला लागले, की छावणीत साहेब लोक होते तेव्हा बेकरीतला म्हातारा उस्ताद कधी कधी खमीर बिघडलं की बीअरचा गाळ मागवायचा. पिपाच्या तळाशी बसतो तो. त्यानं पाव असा उठायचा, की साच्याबाहेर.

"मग आणू की," मावशी म्हणाली.

"मी हात नै लगाऊंगा," उस्ताद म्हणाले. "तब भी नै लगाया. दुसरा आदमी डालता था. पण रोटी बनती थी, ये सच है."

दारूच्या दुकानात जाणार कोण, यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या काळी त्या दुकानासमोरच्या फुटपाथनंसुद्धा आम्ही जात नव्हतो.

"मी आणते," मावशी म्हणाली. "नवरा इथं शहरात कामाला होता तवर वीस वर्षं आणलीच ना. दुकानदार वळखतो मला. म्हणंल, वहिनी लई दिसांनी."

ती मेथीच्या जुडीखाली घालून बाटली घेऊन आली. ती आम्ही कोमट केली, मैद्यात ओतली, वर ओलं फडकं घातलं. दोन तासांत काही नाही. चार तासांतही नाही. संध्याकाळी घरी जाताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि भर रस्त्यात मी थांबले. बाटलीतली बीअर गाळलेली असते. टिकावी म्हणून तापवलेली असते. पाश्चरीकरण. हा शब्द मी मागच्याच आठवड्यात फळ्यावर लिहून बायकांकडून तीनदा म्हणून घेतला होता. जिवंत यीस्ट बाटलीत नव्हतंच. ते कारखान्यात होतं.

कारखाना शहराबाहेर, गंगापूरच्या रस्त्यावर, नव्या औद्योगिक वसाहतीत. माझ्या बी.एस्सी.च्या वर्गातला एक मुलगा तिथल्या प्रयोगशाळेत लागला होता. गुरुवारी सकाळी मी दुधाची किटली घेऊन गंगापूरच्या एस.टी.त बसले. एकटीला जाऊ देणार नाही म्हणून मावशी बरोबर आली. शुक्रवार अकराला आता एक दिवस राहिला होता.

गाडीत आमच्या गावचा एक माणूस निघाला. "काय गं, घरी निघालीस का?"

"नाही काका. कामानं. मधेच उतरायचंय."

"मधी कुठं? मधी तर दारूचा कारखाना हाय."

मावशी म्हणाली, "पुढं माझी बहीण राहती. तिच्या म्हशीचं दूध आणायला." आणि किटली त्याच्या नाकासमोर हलवली.

आमचा थांबा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. हा माणूस संध्याकाळी पारावर वडिलांना काय सांगेल याचा मी विचार करत होते, आणि मावशी हळूच म्हणाली, "बाई, त्याचं भ्या नका धरू. ज्याचं धरायला पायजे त्याचं धरा."

"म्हणजे?"

"म्हाताऱ्याला सांगून टाका. मी वतलं होतं पाणी, मला बी रातीला झोप नाय. पण घासली तुम्ही. तुमच्या आधी मी बोलले तर चहाडी व्हती."

"उद्याचं होऊ दे, मावशी. मग सांगते."

"उद्या तो किल्ली ठिवल."

वर्गमित्र फाटकाशी आला. मी काय मागतेय हे ऐकून त्याला हसू आलं, पण किटली आत घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं भरून आणली. पिठल्यासारखं घट्ट, करड्या-पिवळ्या रंगाचं. "हे आम्ही फेकतोच. पण हे थंडीत वाढलेलं यीस्ट आहे, फार सावकाश काम करेल. गडबड करू नकोस. आणि कडू आहे, हॉप्सचं. तीन-चार वेळा थंड पाण्यात धू. झाकण घट्ट लावू नकोस."

झाकण घट्ट लावू नकोस हे मी विसरले. परतीच्या गाडीत, उभ्यानं, दोन्ही बाजूंनी माणसं, आणि किटलीचं झाकण एकदम टप्प करून उडालं. फेस माझ्या साडीवर, शेजारच्याच्या पिशवीवर. सगळ्या गाडीत बीअरचा वास.

"कोन पिऊन चढलंय रं?" कंडक्टर मागून ओरडला.

"कुणी नाय पिलं," मावशीनं तिथूनच उत्तर दिलं. "दूध नासलंय. उन्हाचं तुमची गाडी तासभर उशिरा येती, दूध काय करंल?"

"असलं दूध देणारी म्हैस मला बी दाखवा मावशी," कुणीतरी म्हणालं, आणि गाडी हसली. मी फडक्यानं झाकण दाबून उभी. निम्मं तरी राहिलं असेल का, एवढंच माझ्या मनात. निम्म्याहून जास्त राहिलं होतं.

गोदामात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. उस्ताद भट्टीपासून लांब स्टुलावर बसले आणि काय करायचं ते सांगायला लागले. गाळ मी त्यांच्यासमोर घमेल्यात ओतला. त्यात थंड पाणी घालून मी ढवळलं, खाली बसू दिलं, वरचं कडू, तपकिरी पाणी अलगद ओतून दिलं. पुन्हा पाणी. पुन्हा ढवळणं. तिसऱ्या वेळी खालचा थर साईसारखा पांढरा दिसायला लागला. मी चाखून पाहिला, कडूपणा बराच गेला होता.

"एक बात सुनो," उस्ताद म्हणाले. "उद्या त्या लोकांना सांगायचं, की खमीर बीअरचं आहे. छुपाके रोटी नै खिलाना. ज्याला नको तो नै खायेगा."

"उस्ताद, ऐकून मान्यता नाही दिली तर?"

"तो नै दी. रोटी में क्या है, खानेवाले को मालूम होना."

मी चौथ्यांदा पाणी घातलं. ते माझ्या हाताकडं बघत होते. "अच्छा धोती है बेटा," ते म्हणाले. "सफाई है तेरे हाथ में. घरची शिकवण दिसते. मेरे बाद ये वर्ग तूच संभाल."

मावशी लाकडं रचत होती. तिचा हात थांबला.

मी म्हणाले, "उस्ताद, तुमच्या हातानं काही मेलं नाही. बरणी मी धुतली."

त्यांनी घमेल्यावरून नजर उचलली. मग त्यांनी विचारलं, "कब?"

"शनिवारी. तुम्ही गेल्यावर. मला वाटलं खरकटी आहे."

"किससे धोई?"

"राखेनं. मग उकळत्या पाण्यानं. उन्हातही ठेवली."

त्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, न ओढता बंद केली. "मंगळवारपासून मालूम था?"

"हो."

"तीन दिन मैं मेरे हाथकू गाली देता रहा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "घर में जाके बीवी से बोला, की माझा हात गेला. वो रोई. तीन दिन."

मी माफी मागितली, ती तोंडातल्या तोंडात. ते उठले, टोपी नीट केली आणि चालू लागले. दारात थांबून, माझ्याकडं पाठ ठेवूनच, म्हणाले, "थंडीतलं खमीर आहे म्हणालीस ना. तर आत्ताच कणीक भिजव. मीठ शेवटी. रातभर ठेव." आणि गेले.

"येतील का उद्या?" मी मावशीला विचारलं.

"मला काय ठावं. आता ते पीठ तरी भिजवा."

आम्ही दोघींनी वीस किलो मैदा भिजवला. मीठ शेवटी घातलं. लाकडी पेटीत कणीक ठेवून, ओलं फडकं घालून, मी दोनदा परत येऊन पेटीला कान लावून, फडकं उचलून पाहून गेले. काहीच हालचाल नव्हती.

शुक्रवारी साडेपाचला मी सचिव बाईंकडच्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढलं. कणीक उठली होती, पण जेमतेम. नेहमीच्या खमीरानं एव्हाना ती पेटीच्या काठाला यायची. ही अर्ध्याच्या जरा वर होती. उस्ताद नव्हते. सहा वाजले, साडेसहा. बायका एकेक करून आल्या. मी कणीक तोडून गोळे केले, साच्यांत भरले. मावशीनं भट्टी पेटवली. आठ वाजता भट्टी तापून लाल झाली आणि साच्यांतली कणीक मात्र निम्म्यावरच अडकलेली. आत्ता भाजावी तर बुधवारची वीट. थांबावं तर अकरापर्यंत पाव निघायचा कधी, गार व्हायचा कधी? बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि मला काहीही कळत नव्हतं. जे पुस्तकात होतं ते सगळं मला पाठ होतं. साच्यातली कणीक कधी तयार होते, हे पुस्तकात नव्हतं.

"घालायचे का बाई आत?" एकीनं विचारलं.

"थांबा," मी म्हणाले. कशाच्या बळावर म्हणाले, माहीत नाही.

पावणेनऊला उस्ताद आले. माझ्याकडं पाहिलं नाही. चप्पल काढली, हात धुतले, भट्टीच्या तोंडाशी हाताचा मागचा भाग धरून अंदाज घेतला. मग साच्यांच्या रांगेशी आले. कणकेला हात लावणार नाही म्हणाले होते ते. वाकून त्यांनी एकेका साच्यावर तोंड नेलं, फुंकर घातली, पृष्ठभाग कसा थरथरतो ते पाहिलं.

"जळती लकडी बाहर निकालो," ते मावशीला म्हणाले. "भट्टी उतरू दे. आणि साचे भट्टीच्या माथ्यावर ठेवा, ऊब लगेगी. कुणी हात लावायचा नै."

सव्वानऊला साच्यांच्या काठाशी कणीक दिसायला लागली. साडेनऊला काठावर आली. "आता," ते म्हणाले. लांब दांड्याच्या फावड्यावर साचे मी आत सरकवले, कुठं कोणता, ते उस्ताद मागून सांगत होते, पण नाव किंवा 'बेटा' न घेता: "डावीकडं. मागं. और मागं. बस." दार लावल्यावर अठरा बायका, मी आणि ते, सगळे भट्टीभोवती उभे राहिलो. हळूहळू वास सुटला. तो नेहमीच्या पावाचा नव्हता. त्यात भाजलेल्या जवासारखं काहीतरी होतं.

पाव निघाले तांबूस, साच्याच्या वर दोन बोटं. सगळे नाही. मागच्या रांगेतले चार खाली बसले होते, ते मावशीनं फडक्याखाली घातले. उस्तादांनी फडकं काढलं आणि ते चारही पाव पुढं मांडून ठेवले.

अधिकारी साडेअकराला आले, एक गृहस्थ आणि एक बाई. वह्या पाहिल्या, भट्टी पाहिली. पाव कापून दिला. खाण्याआधी उस्ताद म्हणाले, "साहेब, ह्याच्यात बीअरचं खमीर आहे. धोया हुआ है, पण आहे बीअरचं."

गृहस्थांनी काप बशीत ठेवला. बाईंनी आपला उचलून खाल्ला, अर्धा संपवला, आणि विचारलं, "तुमचं स्वतःचं खमीर आहे असं अर्जात लिहिलंय. त्याचं काय झालं?"

उस्ताद म्हणाले, "मर गया."

"कसं?"

सचिव बाई माझ्या उजव्या हाताला उभ्या होत्या. उस्ताद खाली बघत होते, आणि मला कळलं, की ते सांगणार नाहीत. माझ्यासाठी नव्हे. दुसऱ्याचं सांगणं त्यांच्यात बसत नव्हतं.

"मी बरणी धुतली," मी म्हणाले. "त्यांच्या हातानं काही झालं नाही. बीज बरणीच्या अंगाला असतं, ते मला माहीत नव्हतं. आणि कळल्यावरही तीन दिवस मी सांगितलं नाही."

सचिव बाईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. अधिकारी बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. गृहस्थ म्हणाले, "बी.एस्सी. कोण आहे म्हणालात?"

"मीच."

एक बाई फिस्सकन हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

मान्यता मिळाली, एका वर्षापुरती. अट अशी, की मद्याशी संबंध असलेली कोणतीही वस्तू वर्गात आणायची नाही. माझी कच्ची नेमणूक आणखी सहा महिने कच्चीच राहिली; सचिव बाईंनी मला त्याच संध्याकाळी कचेरीत बोलावून तसं सांगितलं, आणि मी मान हलवली. त्यांनी काढून टाकलं असतं तरी तक्रार करायला मला जागा नव्हती. पुढं त्यांनीच मला पक्कं केलं. पुंडलिकनगरात आज माझं जे घर आहे ते त्या नोकरीवर उभं राहिलं, आणि त्या वर्गातल्या कितीजणींनी गावोगाव भट्ट्या टाकल्या. हे मी विसरत नाही.

पण त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाहुणे गेल्यावर मी बाहेर आले तेव्हा उस्ताद आपल्या स्टुलावर होते. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून लोंबत होती. बायका साचे धुऊन पालथे घालत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. ते माझ्याशी बोलले नाहीत. मावशीला हाक मारली.

"मावशी, सोमवारी नया बीज धरना है. हॉप्स कौन उबालेगा?"

मावशीनं भिजल्या हातानं माझ्याकडं बोट केलं. "ह्या."

त्यांनी तपकीर ओढली, दोन शिंका दिल्या, रुमालानं नाक पुसलं.

"उसकू बोलो, सहा वाजता ये," ते म्हणाले. "साडेसहाला आली तर दार नै खोलूंगा."